अकोल्याचा मिस्त्री

पंजाबरावांचा ट्रक तिवशाला बंद पडला नाही, नुसता ओरडू लागला. पण ओरडू लागला तो नेमका व्याह्यांच्या गॅरेजच्या दोन शेतं अलीकडे, आणि तिथून गुपचूप निघून जाणं शक्य नव्हतं. इंजिनाचा धूर सायलेंसरकडे नेणारा बिडाचा मॅनिफोल्ड एका अंगाने सुटला होता. फटफट एवढी, की सहदेवराव मिस्त्री हात पुसत आधीच रस्त्यावर येऊन उभे होते.

लेक आकांक्षा या घरी देऊन सहाच महिने झाले होते. एवढ्या नव्या नात्यात व्याह्याला काय काय बोलता येत नाही, याची यादी वऱ्हाडात बरीच लांब आहे, आणि त्याची चूक काढणं त्यात सगळ्यात वर येतं. सहदेवरावांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि घसा साफ केला. मॅनिफोल्डच्या बारा बोल्टांपैकी तीन गैरहजर होते. दोन आपली मोडकी थुटकं आत ठेवून गेले होते. तिसऱ्याच्या जागी लेप थापला होता, भिंतीची भेग बुजवावी तसा.

"कोनं कसले हे, इवाई?" त्यांनी व्याह्यांना विचारलं.

या ट्रकचा प्रत्येक बोल्ट गेली अठ्ठावीस वर्षं पंजाबराव स्वतः कसत आले होते. दुसऱ्याचा हात गाडीला लागू द्यायचा नाही, हा त्यांचा बाणा त्यांच्या गावात, हिवरखेडात, सगळ्यांना पाठ होता. तिवशात मात्र तो अजून पोचला नव्हता.

"अकोल्याचा एक मिस्त्री हाये," ते म्हणाले.

सहदेवरावांचं काम तिथेच सोपं झालं. व्याह्याला बोलायची बंदी होती, अकोल्याच्या मिस्त्र्याला बोलायला कोणाची हरकत? त्यांनी एकेक बोल्ट दाखवत त्या माणसाचा समाचार घ्यायला सुरुवात केली. इंजीन गरम असताना कसतो, पान्याला पाइप लावून कसतो, असल्याच्या हातात बैलाचं दावंही देऊ नये. पंजाबराव प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. एकदा तर "लय हुशार समजते तो सोताले" अशी भरही त्यांनी घातली. मग एकदम गप्प झाले, कारण आकांक्षा चहा घेऊन आली होती.

"कोनता मिस्त्री, बाबा?"

तू नाही ओळखत त्याले, असं ते म्हणाले. नाही ना, असं तीही म्हणाली, आणि रिकामे कप आत न नेता जुन्या टायरवर तिथेच बसली. अशी करमणूक तिवशात रोज होत नाही.

पंजाबरावांना मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. थोरल्या मुलाने, अमोलने, पोळ्याच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, आता एकदा जरी इंजिनाचं हेड उतरवायची पाळी आली, तर ट्रक भंगारात. अमोल बोलतो कमी, आणि बोलला की करतो. नागपूरला संत्री उतरवून निघालेला हा ट्रक आज आपल्या नेहमीच्या आवाजात घरी पोचला, तरच वाचणार होता.

पहिल्या दोन थुटकांवर सहदेवरावांनी एकेक नट वेल्डिंगने चिकटवला आणि ते स्वस्थ बसून राहिले. पाच मिनिटांत पंजाबरावांनी पाना उचलला.

"ठेवा. थंडा होऊ द्या. अकोल्याचा असता, तर आतालोक पुन्हा मोडला असता त्यानं."

पंजाबरावांनी पाना ठेवला. वीस मिनिटांनी सहदेवरावांनी तेल सोडून नट थोडा पुढे, थोडा मागे करत दोन्ही थुटकं बाहेर काढली. ती निघताना कुरकुरली, पण निघाली.

तिसऱ्याचा लेप खरवडला, तर बोल्ट पार सपाटीला मोडलेला. त्याच्या मधोमध भोक, आणि भोकात काहीतरी काळं. सहदेवरावांनी ड्रिलचं टोक टेकवलं आणि पुन्हा उचललं. आत कडक पोलाद असेल, तर ड्रिल घसरून बिडात शिरणार, आणि मग हेड उतरवल्याशिवाय सुटका नाही. हे त्यांनी व्याह्यांना सावकाश समजावून सांगितलं.

"त्या मिस्त्र्याले फोन लावा. आत काई मोडून ठेवलं काय, इचारा."

पंजाबराव फोन घेऊन ट्रकच्या मागे गेले. फोन लागला नाही, असं सांगता आलं असतं. दोनदा ते तसं सांगायला वळलेही, त्यांच्या चपला ट्रकखालून आकांक्षाला दिसत होत्या. बोलण्याचा आवाज मात्र काही आला नाही. मग ते परत आले.

"लागला?"

"लागला. मोडका बोल्ट काढाले उलट्या आट्याची सळी टाकली होती म्हने त्यानं. तेच आत मोडली."

"किती खोल?"

फोन खिशात गेला होता. पंजाबरावांनी तो काढला नाही. "अर्धा इंच. जराशी तिरपी हाये. घाई केली."

"त्यानं."

"त्यानंच."

सहदेवरावांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. त्यांनी ड्रिल बाजूला ठेवलं. अशी सळी कडक, म्हणूनच ठिसूळ. बारीक पंच लावून तिचे तुकडे केले, चुंबकाने वेचले, आणि उरलेल्या बोल्टावर तोच नटाचा उपाय केला. या खेपेला अर्धा तास थांबायचं होतं. पंजाबराव दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले.

चार वाजता नवे बोल्ट लागून ट्रक सुरू झाला. अमोलने कान लावला असता, तरी त्याला काही सापडलं नसतं.

पंजाबराव कॅबिनमध्ये चढले, बसले, आणि समोरच्या काचेकडे पाहत म्हणाले, "तो मिस्त्री आता काम सोडून राहिला म्हने."

"सोडू नोका देऊ," सहदेवराव म्हणाले. "ग्रीस भरत जाय म्हना. हवा पाहत जाय. बोल्टाचं काम निघालं, का गाडी इकडं धाडत जाय म्हना."

"आयकन काय तो, बाबा?" आकांक्षाने विचारलं.

पंजाबरावांनी गिअर टाकला. "आयकन," ते म्हणाले. "पन महिनाभर कुरकुर करन."