सव्वा मूठ जास्तीची

पंडितआबा पारोळ्याकडे खाकरले की धुळ्यात म्हशी पान्हा चोरतात, असं त्या भागात सांगतात. खोटं वाटत असेल त्यानं म्हशींना विचारावं. पण शनिवारी दुपारी जळगावच्या एका हॉस्पिटलात, आयसीयूच्या काचेच्या दाराबाहेर आबा खाकरले आणि आतली सिस्टर धावत बाहेर आली, हे हेमलतानं स्वतः पाहिलं.

"कोणाला काय झालं?" सिस्टरनं विचारलं.

"काही नाही, आमचे चुलत सासरे आहेत," हेमलता म्हणाली.

त्या दारापलीकडे तिचा नवरा लीलाधर पडून होता. गुरुवारी संध्याकाळी कानबाई देवीच्या सणासाठी गच्चीवर लाइटिंगची माळ बांधताना त्याचा पाय घसरला. खाली धुण्याचा दगड होता. डोकं फुटलं आणि मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी कवटी उघडून आतली गुठळी काढली होती. मांडीतल्या मांडीत किती रक्त जिरलं, त्याला हिशेब नव्हता. आता श्वास मशीनचा होता, झोप औषधाची होती आणि लीलाधरचं स्वतःचं असं फक्त नाव उरलं होतं, कागदावर.

बाहेर चार खुर्च्यांवर अख्खी भाऊबंदकी बसली होती. कशी बसली ते विचारू नका. खानदेशात एका दुचाकीवर वरात जाते, तिथे चार खुर्च्या म्हणजे मैदान.

डॉक्टर योगेंद्र बाहेर आले. तरुण माणूस, पण दोन दिवसांत डोळ्यांखाली म्हातारा झालेला.

"पेशंटच्या मिसेस कोण?"

हेमलता उठली. तिच्यामागे सगळे उठले.

"रक्त कमी होतंय," डॉक्टर म्हणाले. "सकाळी हिमोग्लोबिन आठच्या आसपास होतं, आत्ता साडेसातच्या खाली गेलंय. एखाद्या साध्या पेशंटला आम्ही सातपर्यंत थांबतो. उगाच रक्त चढवत नाही, कारण त्याचेही धोके असतात. फुप्फुसात पाणी होतं, रिॲक्शन येते. पण मार लागलेल्या मेंदूला प्राणवायू कमी पडून चालत नाही. अशा पेशंटला नऊच्या वर ठेवावं, असं माझं मत आहे."

"मत?" आबांनी तो शब्द उचलला. "म्हंजे खात्री नही?"

"नाही. यावर डॉक्टरांमध्येच वाद आहे आबा. मी खोटी खात्री देणार नाही. पण माझा भाऊ आत असता तर मी रक्त दिलं असतं. आणि संध्याकाळची वाट बघितली नसती."

हेमलताला ते पटलं. तिच्या धुळ्याच्या माहेरी पपईची रोपवाटिका होती. वाढलेलं झाड दोन पाणी चुकली तरी तगतं. मूळ दुखावलेल्या रोपाला एक दुपारही कोरडी चालत नाही. तिनं सहीसाठी हात पुढे केला.

"थांब," आबा म्हणाले.

आता यांच्या 'थांब'चं कारण समजायला कानबाईचा रोट समजला पाहिजे. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते. तिच्या रोटासाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं, लहानापासून थोरापर्यंत, सव्वा सव्वा मूठ गहू घ्यायचा, दळायचा आणि त्याचा रोट, म्हणजे देवीची जाड पोळी, करायचा. तो खायचा फक्त भाऊबंदकीनं. बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही. शेजारी उपाशी मरत असला तरी त्याला पुरणपोळी वाढतील, रोट नाही. म्हणतात, एकदा एका उंदरानं रोट कुरतडला, तर आबांच्या आजोबांनी आधी त्याचं कूळ विचारलं होतं.

आबा म्हणाले, "उद्या कानबाई बसी ऱ्हायनी. तिना ऐन टाइमले आमना पोऱ्याना आंगमा कोना भलत्यानं रगत घालतस? जो रोटना वाटेकरी, तोच रगत दी. बठ्ठा उभा शेतस आठे. कितलं पाहिजे बोला!"

बठ्ठे उभे होतेच. बाह्या वर गेल्या. पण तपासायला घेतल्यावर एकाला कावीळ होऊन गेलेली निघाली, एकाला साखर, दोघांचा गट वेगळा. आणि गोपालकाका, ज्यांनी म्हणे एकदा बिबट्याला कानफटात मारली होती, ते सुई बघूनच सिस्टरच्या अंगावर कोसळले. शेवटी उरला लीलाधरचा सख्खा भाऊ धर्मेंद्र. गट तोच, तब्येत पहिलवानाची.

"झालं!" आबा म्हणाले. "सख्खा भाऊ. याना आंगमातून काढा, त्याना आंगमा घाला."

डॉक्टरांनी मान हलवली. "यांचं तर मुळीच नको."

एकदम सगळे बोलले.

"सख्ख्या भावाचं नको आणि भलत्याचं चालतं?" धर्मेंद्र पुढे सरकला. त्याच्या छातीपुढे डॉक्टर अगदीच पेन्सिलीसारखे दिसत होते. "माझ्यात काय किडे आहेत?"

"ऐकून घ्या दादा. तुमच्या घरी कुत्रा आहे?"

"आहे."

"चोर आला तर भुंकतो. पण घरातलाच कोणी तिजोरी उघडत असेल तर?"

"शेपूट हलवील."

"तसंच. परक्या रक्तातल्या पेशींना शरीर ओळखतं आणि हाकलतं. सख्ख्याच्या पेशी घरच्यासारख्या वाटतात, त्यांना ते अडवत नाही. त्या आत बसतात आणि घरावरच उठतात. क्वचित होतं. पण झालं तर माणूस वाचत नाही. ते रक्त आधी किरणांनी निर्धोक करावं लागतं, ते यंत्र आमच्याकडे नाही. तुमचं रक्त पेढीला द्या, ते दुसऱ्या कोणाला जाईल. यांना मी पेढीतलंच देणार. आता निर्णय द्या."

एवढं बोलून ते आत गेले. काचेतून हेमलताला फक्त लीलाधरचा तळपाय दिसत होता. पिवळट, मेणासारखा. परवापर्यंत त्याच पायाला गच्चीची धूळ होती.

फोन वाजला. गावाकडून सासू, सुगंधाबाई.

"हेमा, गहू काढाले बठनू," त्यांचा आवाज चिरका झाला होता. "धाकलास्ना झायात. लीलाधरनी मूठ भराले गयी तं हात चालत नही. भरू का नको भरू, तू सांग."

मूठ घेतली नाही तर माणूस मोजणीतून गेला.

"भरा आई," ती म्हणाली. "जरा थांबा, फोन ठेवू नका." मग तिनं फोन तसाच हातात धरून आबांकडे तोंड केलं. "आबा, मला एक सांगा. माझ्या अंगात तुमच्या कुळाचं रक्त किती?"

"तुन्हं? तू तं धुयानी."

"म्हणजे थेंबभरही नाही. मग लग्नाच्या वर्षी मला रोट कोणी दिला?"

आबांनी टोपी सारखी केली. रोट त्यांनीच दिला होता, स्वतःच्या हातानं. हेमलतानं लाजून अर्धाच खाल्ला तर ओरडलेही होते.

"आणि ही रूपाताई." कोपऱ्यात लीलाधरची बहीण पदर तोंडाला लावून उभी होती, पाचोऱ्याला दिलेली. "हिच्या अंगात तुमचंच रक्त, चोवीस कॅरेट. हिला रोट का देत नाही?"

"ती दुसराना घरनी झायी."

"मग कानबाई रक्त कुठे बघते आबा? उंबरा बघते! बाहेरून येऊन जी उंबरा ओलांडते, घर चालवते, ती घरची. ती रक्ताची पिशवी सून समजा. माहेर कोणतं का असेना. आमच्या वेळी तुम्ही एवढी चौकशी केली असती तर तुमची सगळी पोरं बिनलग्नाची राहिली असती."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. हेमलता हसली नाही.

आबा खाकरले नाहीत. हीच त्या दिवसातली नवलाची गोष्ट. ते काचेकडे वळले आणि म्हणाले, "पन काही वाईट झायं तं?"

"तर माझ्या नावावर," हेमलता म्हणाली आणि आत जाऊन सही केली.

पिशवी आली. तीन जणांनी नंबर जुळवून पाहिला. लाल थेंब नळीतून उतरू लागले. सगळी भाऊबंदकी काचेला नाक लावून उभी राहिली. पुसायला आलेल्या बाईला नंतर त्या काचेवर नाकांची पंगत सापडली.

अर्धी पिशवी गेली आणि आतलं मशीन किंचाळलं.

सिस्टर धावली. डॉक्टर धावले. कोणीतरी पडदा ओढला. मशीन ओरडतच होतं. इकडे सगळ्यांच्या माना सावकाश हेमलताकडे वळल्या. तिनं रूपाचा हात धरला. फुप्फुसात पाणी होतं, डॉक्टर म्हणाले होते. रिॲक्शन येते, म्हणाले होते. माझ्या नावावर, ती म्हणाली होती.

मशीन गप्प झालं. त्या शांततेनं तर तिचा जीवच गेला.

पडदा सरकला. डॉक्टर बाहेर डोकावले. "नळीत कफ अडकला होता. साफ केला. रक्ताचा संबंध नाही. चालू आहे."

आबा मटकन खाली बसले. खाली गोपालकाका होते, पण ते तोवर पूर्ण शुद्धीवर आलेले नसल्यानं त्यांनी तक्रार केली नाही.

संध्याकाळी धर्मेंद्र पेढीत रक्त देऊन आला, दंडावर पट्टी आणि हातात बिस्किटाचा पुडा. आबाही गेले होते. वय विचारून पेढीवाल्यांनी परत पाठवलं, तर "मन्हा रगतमा पन्नास बैलंस्नी ताकद शे" म्हणून भांडून आले.

रविवारी सकाळी आकडा नऊच्या जवळ पोचला होता. डॉक्टरांनी झोपेचं औषध थोडं उतरवलं आणि लीलाधरच्या तळहातात दोन बोटं ठेवली. "लीलाधर, दाबा." काही नाही. "लीलाधर, दाबा!"

तेव्हा बाहेरून आबा खाकरले. आणि लीलाधरनं बोटं दाबली. रक्तानं दाबली की खाकरण्यानं, याचा वाद त्या गावात अजून मिटलेला नाही.

"पुढचं आत्ताच विचारू नका," डॉक्टर म्हणाले. "लांबचा रस्ता आहे. पण त्यांनी ऐकलं."

हेमलतानं गावाला फोन लावला. सुगंधाबाई आधी रडल्या, मग नाक ओढून म्हणाल्या, "दळन झायं. काल तू आबाले बोलनी, ते बठ्ठं मी ऐकं फोनवर. मी एक मूठ जास्तीनी लिधी. सव्वा."

"कोणाच्या नावाची?"

"नाव माले काय ठाऊक? ज्यानी रगत दिधं त्यानी."

आबांनी कान लावलाच होता. "वहिनी! मूठ माणूसना नावनी ऱ्हास. रगत देनारी बाई ऱ्हायनी तं?"

"तं काय मूठ परत सूपमा टाकू?" पलीकडून सुगंधाबाई कडाडल्या. "चूल पेटनी शे. फोन ठेव."