बोरीचे श्रीपतराव

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतली ही गोष्ट. औरंगाबादच्या रेडिओवर संध्याकाळी गावाकडच्या लोकांसाठी मराठीत अर्धा तास असायचा. तो कार्यक्रम करायचे भाऊमास्तर. परभणीकडं ज्या थोड्या घरांत रेडिओ होता, तिथं भाऊमास्तर घरच्या माणसासारखे झाले होते.

त्यांचं खरं नाव दिनकरराव. वडील किशनराव परभणीच्या कचेरीत पेशकार, म्हणजे मोठे कारकून. रेडिओवर बोलणं आणि तमाशात उभं राहणं त्यांच्या लेखी एकच. मुलानं ही नोकरी धरली तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद होतं. घरच्या नावाला बोल लागू नये म्हणून दिनकररावांनी हे दुसरं नाव घेतलं. तिथं बहुतेकांचं असंच होतं. बायकांच्या कार्यक्रमातल्या मालतीताई घरी कस्तुराबाई होत्या.

एकदा दिनकरराव एका लग्नासाठी परभणीला आले आणि जनावरांच्या बाजारात शिरले. एका धनगराभोवती वीस-पंचवीस माणसं उभी होती. विकत घेणारा त्यात एकही दिसेना. सगळे नुसते ऐकत होते.

"दावणीला बांधलेली मेंढी तुमाला काय सांगंल?" तो धनगर म्हणत होता. "तिला चालू द्या. चालताना ती समदं खरं बोलती."

दिनकरराव तासभर तिथंच उभे राहिले. गर्दी पांगल्यावर त्यांनी नाव विचारलं.

"येडबा. जिंतूर तालुक्यातल्या बोरीचा."

"रेडिओवर बोलाल का?"

"कुणाशी?"

"समोर कुणी नसतं. एकट्यानंच बोलायचं."

"एकट्यानं बोलणाऱ्याला आमच्याकडं बांधून ठिवत्यात," येडबा म्हणाला. पण जाण्यायेण्याचा खर्च मिळणार होता आणि औरंगाबाद त्यानं पाहिलेलं नव्हतं. तो गेला.

पहिल्या दिवशी त्या बंद खोलीत त्याच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी तोच म्हणाला, "सायब, तुमी म्होरं बसा. तुमी मेंढरं घ्यायला आलाव आन् तुमाला त्यातलं काय बी कळत न्हाई, आसं समजा."

"समजायचं कशाला? खरंच कळत नाही," दिनकरराव म्हणाले आणि समोर बसले. मग मात्र येडबा थांबेना.

एवढं एक मात्र दिनकररावांनी आधीच ठरवलं होतं. येडबा हे नाव सांगितलं तर शहरातले लोक हसतील, त्याला वेडा समजतील. म्हणून त्यांनी कागदावर लिहिलं, 'बोरीचे श्रीपतराव'. येडबाला नवल वाटलं, पण इथली रीतच अशी असेल म्हणून तो गप्प राहिला. भाऊमास्तर आणि श्रीपतराव यांची जोडी लोकांना आवडली आणि येडबा दर महिन्याला औरंगाबादला जाऊ लागला.

बोरीत कुणाचा यावर विश्वास बसला नाही. गावात रेडिओ नव्हता आणि येडबा गप्पा हाणणारा म्हणून माहीतच होता. मग दिवाळीनंतर गावच्या पाटलांनी, आबासाहेबांनी, बॅटरीवरचा रेडिओ आणला. येडबाची पाळी होती त्या संध्याकाळी अर्धं गाव त्यांच्या ओट्यावर जमलं. येडबाची बायको अंबाबाई सगळ्यांच्या पुढं बसली.

भाऊमास्तरांचा आवाज आला, "आज आपल्याकडं आलेत बोरीचे श्रीपतराव."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. मग बोलणं सुरू झालं.

"ह्यो तर आमच्या मालकाचा आवाज हाय," अंबाबाई म्हणाली.

"आवाज सारखा आसंल," भुजंग नावाचा शेजारी म्हणाला. "पर नाव श्रीपतराव सांगितलंय. आन् बोरी काय एकच हाय व्हय?"

दोन दिवसांनी येडबा गावात आला, तर वेशीतच त्याला लोकांनी गाठलं. श्रीपतरावाचं ऐक एकदा, म्हणाले, मेंढरांतलं लय कळतंय त्या माणसाला, तुला बी दोन गोष्टी शिकायला मिळतील. येडबाला हसू आवरेना. घरी येऊन त्यानं हे अंबाबाईला सांगितलं. ती हसली नाही.

"तुमच्या आदुगरची चार लेकरं गेली," ती म्हणाली. "तुमच्या आईनं येडाईला नवस बोलला तवा तुमी जगलाव. तिचं नाव तुमाला ठिवलं. ते झाकून ठिवायला काय झालं?"

येडबानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"फुडल्या खेपेला म्या बी यायलेय," अंबाबाई म्हणाली.

ती खरंच आली. रेडिओच्या आवारात दिनकररावांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. तिनं चहा प्यायला आणि नवसाची गोष्ट त्यांना जशीच्या तशी सांगितली. भांडली नाही.

दिनकरराव वरमले. "मला ठाऊक नव्हतं, बाई. लोक हसतील म्हणून बदललं. आणि इथं मीसुद्धा माझ्या नावानं बोलत नाही."

"तुमाला काय झालं?"

त्यांनी वडिलांचं सांगितलं.

"ते ऐकत्यात का तुमचं?"

"घरात रेडिओ आहे. ऐकतात की नाही, कोण जाणे."

"पोराचा आवाज हाय," अंबाबाई म्हणाली, "ऐकत आसतील."

वेळ झाली. अंबाबाईला कोपऱ्यात बसवून अजिबात बोलायचं नाही असं बजावलं. तिनं पदर तोंडाशी धरला. बोलणं सुरू करायचा लाल दिवा लागला. दिनकररावांनी नमस्कार केला आणि गिऱ्हाईक होऊन येडबासमोर बसले. हिवाळ्यात मेंढ्यांना कुठं बसवावं, खोकला आला तर काय करावं, असं बोलणं चाललं होतं. मधेच दिनकरराव थांबले. समोरचा कागद त्यांनी उलटा ठेवला.

"इतका वेळ बोलतोय आपण," ते म्हणाले, "पण तुमचं खरं नाव मी ऐकणाऱ्यांना सांगितलंच नाही. तुम्हीच सांगा."

येडबानं एकदा अंबाबाईकडं पाहिलं. "येडबा. बोरीचा. येडाईच्या नवसाचा हाव म्या." आणि मग बाजारात कुणालाही विचारावं तसं त्यानं विचारलं, "आन् पावणं, तुमचं?"

हे ठरलेलं नव्हतं. काचेपलीकडं उभ्या असलेल्या कस्तुराबाई पुढं झाल्या.

"दिनकर," ते म्हणाले. "परभणीच्या किशनरावांचा मुलगा."

"मंग दिनकरराव, खोकल्याचं सांगत हुतो म्या," येडबा म्हणाला आणि गाडी पुढं गेली.

बोरीत आबासाहेबांच्या ओट्यावर त्या दिवशी भुजंगची फार चेष्टा झाली. दुसऱ्या आठवड्यात तो स्वतःची खोकणारी बकरी घेऊन येडबाच्या दारात आला.

पुढच्या महिन्यात येडबा आणि अंबाबाई परभणीच्या स्टेशनात औरंगाबादच्या गाडीची वाट बघत होते. काळी टोपी, लांब कोट घातलेले एक म्हातारे गृहस्थ दोनदा त्यांच्यापुढून गेले. तिसऱ्यांदा थांबले.

"बोरीचे येडबा तुम्हीच का?"

"व्हय जी."

"मी दिनकरचा वडील." त्यांनी फडक्यात बांधलेला डबा पुढं केला. "धपाटे आहेत. त्याला द्या." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "जेवतो का वेळेवर?"

"वाळलेत जरा," अंबाबाई म्हणाली.

किशनरावांनी मान हलवली. गाडी आली, लोकांची धावपळ सुरू झाली. डबा घेताना अंबाबाईला त्यांच्या दुसऱ्या हातात काहीतरी दिसलं. तिकीट होतं ते.

"तिकीट काढलंय न्हवं," ती म्हणाली, "मंग डबा आमच्यापाशी कशाला?"

किशनरावांनी तिकिटाकडं असं पाहिलं जणू ते दुसऱ्याच कुणी त्यांच्या हातात दिलं होतं. येडबानं गाडीत चढून घोंगडी बाकावर अंथरली आणि खिडकीतून हाक मारली, "या, पेशकारसायब. जागा धरलीय."

अंबाबाईनं डबा त्यांच्या हातात परत दिला. ते चढले, घोंगडीवर बसले, आणि पुढचं पेडगाव स्टेशन जाईपर्यंत येडबाला मेंढरांचं विचारत राहिले.