नागसेन अंपायरचा निर्णय

कमरीपेठेत नागसेन अंपायरच्या बोटाला भारी मान. एरवी तो अमरगोळच्या बाजारात तोलार, मिरचीची पोती काट्यावर चढवून आकडा सांगणारा. पण भीमजयंतीच्या क्रिकेट स्पर्धेत पांढरी टोपी घालून उभा राहिला, की सख्खा-परका ओळखायचा नाही. खुद्द मेव्हण्याला पहिल्याच चेंडूवर बाद देऊन त्यानं दोन वर्षं सासुरवाडीचं जेवण गमावलं होतं.

अशा माणसानं तीन वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात, शेवटच्या चेंडूवर, पोटच्या पोराला नो बॉल दिला. चौदा वर्षांच्या प्रशिकनं फलंदाजाची दांडी उडवली, सगळी पेठ नाचायला लागली, आणि बापानं हात आडवा केला. "कोपर वाकलं. टाकला नाही, फेकला." पुढच्या चेंडूवर चौकार बसला आणि कप दुसऱ्या पेठेत गेला. प्रशिकनं क्रिकेट सोडलं आणि बापाशी कामापुरतंच बोलायला लागला.

शाळेतले पी.टी. मास्तर श्रीहर्ष सर यांना मात्र तोच हात आवडला. "बेसबॉलात चेंडू फेकायचाच असतोय रे," ते म्हणाले. त्यांनी नऊ पोरं जमवली. हातमोजे पाचच मिळाले. जिल्ह्यात दुसरा संघच नव्हता, त्यामुळे एकही सामना न खेळता मंडळी जिल्हाविजेती झाली. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणावं, तर इथं वासरंही नव्हती! पण राज्य स्पर्धेत प्रशिकचा चेंडू कुणाला दिसेचना. मग बेंगळुरात निवड शिबिर झालं. वेग मोजायच्या यंत्रानं ताशी एकशे चाळीस किलोमीटर दाखवले, आणि गेल्या महिन्यात एका अमेरिकन क्लबाचं पत्र आलं: आमच्या मायनर लीगच्या संघात या. मोठ्या संघाच्या खालच्या पायऱ्या असतात, त्यातली ही सगळ्यात खालची.

पोरगा सतराचा, म्हणून पालकाची सही हवी होती.

कागद आठ दिवस टीव्हीपाशी पडून होता. नागसेन रोज चष्मा लावून तो वाचायचा आणि परत ठेवायचा. "काट्यावर घालून बघतोस काय रं त्याला?" त्याची आई दुर्गव्वा चुलीपाशी बसून टोमणे मारायची. नागसेनला अमेरिकेची भीती नव्हतीच. हे पोर मनात राग धरून गेलं, तर परत आलं तरी आपलं होऊन येणार नाही, ही भीती होती.

शेवटच्या तारखेला सकाळी प्रशिक समोर येऊन बसला. "अप्पा, सही करताय की अजून नो बॉलच?"

नागसेननं चष्मा काढला. "त्या दिवशी मी तुझं कोपर बघितलंच नव्हतं रं."

"मग?"

"लोकांची तोंडं बघत होतो. बाप अंपायर, पोरगा बॉलर. बापानं जिंकवलं म्हणाले असते. माझ्या नावाला बट्टा नको, म्हणून तुला बुडवलं."

तव्यावरची जोंधळ्याची भाकरी करपली तरी दुर्गव्वा चुलीकडे वळेना.

"अप्पा, कोपर वाकलं होतं."

"आँ?"

"मुद्दाम वाकवलं होतं. म्हटलं, आमचेच अप्पा आहेत, सोडतील."

नागसेन चाट पडला. तीन वर्षं हा चोर घरात साव होऊन वावरत होता, आणि आपण इकडे आतल्या आत मरत होतो! "मग तोंड कशापायी फुगवलंस रं गाढवा?"

"नो बॉलसाठी नाही." प्रशिक म्हणाला. "घरी आल्यावर एकदा तरी जवळ घ्याल वाटलं होतं."

नागसेन उठला. पोरगं एवढं उंच झालंय हे त्याला तेव्हा कळलं; मिठी मारायला टाचा उचलाव्या लागल्या. दोघंही रडत होते आणि कुणीच लाजत नव्हतं.

"अरे, आजच शेवटची तारीख हाय," दुर्गव्वा ओरडली. "सही कोण करणार, मी?"