समोर आणलेलं

मोहनबाईंनी लेण्याच्या उंबऱ्यावर बसूनच डब्याचं झाकण उघडलं. मानमोडीचा डोंगर चढून गुडघे थरथरत होते, पण मुगाचा शिरा अजून कोमट होता. संसार सोडणाऱ्यांनी त्या काळी जागाही अशा निवडल्या, की मागं येणाऱ्या आईचे गुडघेच आधी हरावेत.

आत दगडी ओट्यावर तीन जैन साध्वी बसल्या होत्या. विहाराच्या, म्हणजे गावोगावच्या पायी प्रवासाच्या वाटेवर लेणी पाहायला त्या सकाळीच वर आल्या होत्या. मधली हर्षा. तिच्या दीक्षेला मोहनबाई रागानं गेल्या नव्हत्या. त्यानंतर लेक आजच दिसत होती, पार वाळलेली.

“धर्मलाभ,” हर्षा म्हणाली. आई म्हणणार नव्हतीच.

“घे. तुझ्यासाठीच केलाय, साजूक तुपात.”

डबा पुढे करता करताच मोहनबाई चपापल्या. साध्वींसाठी मुद्दाम रांधलेलं त्यांना चालत नाही, समोर आणून दिलेलं तर नाहीच, हे घरातल्या सुनांना त्यांनीच शिकवलं होतं. लेकीला भेटायच्या घाईत स्वतःच विसरून बसल्या.

हर्षानं डब्याकडे पाहिलं नाही. “तुमच्या स्वतःच्या जेवणातलं काही आहे का? त्यातला घास घेता येईल.”

“माझ्यासाठी मी काहीच नाही आणलं.”

मोहनबाईंना रडूच आलं. स्वतःसाठी एक पोळी बांधून घेतली असती तरी भागलं असतं.

बाहेर वारूळवाडीचे दादाभाऊ फडकं सोडून जेवायला बसले होते. त्यांच्याच जीपमधून मोहनबाई पायथ्यापर्यंत आल्या होत्या. हर्षा लाकडी पात्र घेऊन त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“ही भाकरी कोणासाठी केली होती?”

“माज्यासाठीच की. मंडळींनी बांधून दिली.” दादाभाऊ गडबडले. “आमची चालंल का तुमाला?”

“चालेल.”

“भाकरीला कांदा नाही ना लागला?” मोहनबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या. “वरची द्या, दादाभाऊ. अख्खी द्या.”

“अर्धी पुरे.”

तेवढी घेऊन हर्षा आतल्या खोलीत गेली. गृहस्थांच्या देखत साध्वी जेवत नाहीत.

मोहनबाईंनी डबा दादाभाऊंपुढे सरकवला. आढेवेढे घेत ते खाऊ लागले. मग आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मोहनबाईंनी विचारलं,

“गोड झालाय ना?”