कोटाची आतली बाजू

शिवण उसवली की कापडावर बारीक भोकांची एक रांग राहते. सुती कापडात ती फार टिकत नाही. धुऊन, ओलं असतानाच उभं-आडवं ताणलं की धागे सरकतात आणि रांग पुसट होते. लोकरीला वाफ पुरते. रेनकोटाच्या कापडात मात्र भोकं कायमची राहतात, म्हणून त्याची पिशवी करताना नवी टीप जुन्या भोकांवरूनच घालावी लागते. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. तुकडा खिडकीसमोर धरायचा आणि उजेड कुठून येतो ते बघायचं, एवढंच ती करत आली होती.

आत्ता तिच्या हातात एका निळ्या शर्टाची पाठ होती.

"गेली का रांग?" बाबांनी विचारलं.

"थोडी दिसतेय अजून."

"म्हणजे मी जोरात ओढलं."

"नाही हो. टीपच घट्ट होती."

बाबा म्हणजे तिचे सासरे. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून त्यांची नोकरी झाली होती. शाळेने टाकायला काढलेल्या बेडूक कापायच्या पेटीतली एक सुरी त्यांनी मागून घेतली होती, आणि आता तिनेच ते लोकांचे जुने कपडे उसवत. सुरीचं टोक टाक्याखाली सरकवायचं, अधूनमधून एकेक टाका तोडायचा, मग उलट बाजूने दोरा अलगद ओढायचा. अख्खी शिवण सुटायची, कापडाला ओरखडा नाही.

"बेडकापेक्षा कॉलर बरी," ते म्हणायचे. "आत काही निघत नाही."

पण निघायचं. कॉलर उलगडली की दुमडीत शर्टाचा मूळ रंग दिसायचा. बाहेरचा निळा विटून राखाडी झालेला, आणि आत दुकानातून आणला त्या दिवसाचा निळा. तो पट्टा ती बाजूला ठेवायची. पिशवीच्या बंदाला, उशीच्या कडेला तो शोभून दिसायचा.

घरी येणारी गिऱ्हाइकं म्हणत, "तुमच्या वडिलांचा हात काय हलका आहे हो!" ती कधी दुरुस्त करायची नाही. बाबाही मान खाली घालून दोरे वेचत राहायचे.

तिचा नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर असताना अपघातात गेला होता. त्यानंतर तिच्या माहेरचे न्यायला आले. बाबांनी राहा म्हटलं नाही आणि तिने राहते म्हटलं नाही. ती फक्त त्यांच्याबरोबर गेली नाही. काही दिवसांनी तिने एक फाटका पडदा काढून मशीनवर पिशवी शिवायला घेतली. शिवण उसवायला तिला वेळ लागतोय असं पाहून बाबा शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "इकडे दे." दोघांचा संसार म्हणायचा तर तेव्हापासून तो असा चालला होता. बाहेरच्या खोलीत खिडकीशी मशीन, मशीनला लागून बाबांचं स्टूल, मध्ये कापडांचे गठ्ठे. आतल्या खोलीत तिची कॉट आणि एक कपाट.

शेजारची नर्सबाई ड्यूटीवर जाता जाता डोकवायची. त्या दिवशी ती नवऱ्याच्या जुन्या पँटी घेऊन आली.

"यांच्या दोन पिशव्या कर. एक भाजीला, एक माहेरी न्यायला. काय बाबा, उसवताय का?"

"तुमच्या यजमानांनी आधीच बऱ्याच ठिकाणी उसवून ठेवलीय," बाबा पँट उलटीपालटी करत म्हणाले.

"वजन वाढलंय, दुसरं काय!" ती हसली, आणि मशीनवरचा चेनींचा जुडगा उचलून बघू लागली. "चेनवाले परत येऊन गेले वाटतं? एवढ्या चेनी लावतेस कुठे गं? उशांना?"

"लागतात," ती म्हणाली.

"लागतात हो, का नाही लागणार? पूर्वी ताई ताई करायचे. 'ताई, बटणं आणलीत. ताई, इलॅस्टिक नवं आलंय.' काल मी जिन्यात होते. नुसतं 'अहो' चाललं होतं."

ती बॉबिन भरायला लागली. मशीनच्या आवाजात पुढचं बोलणं बुडालं. बाबांनी पँटीच्या पट्ट्याखाली सुरी घातली. त्यांचे कान चांगले होते.

नर्सबाईचं निरीक्षण बरोबर होतं. चेनवाले आपल्या छोट्या दुकानातल्या चेनी, बटणं, दोरे घेऊन घरोघरच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांकडे फिरत. त्यांची बायको आजारपणात गेली होती. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा ते दारात उभे राहिले, "ता" एवढं म्हणाले आणि थांबले. त्यानंतर ताई हा शब्द त्यांनी तिच्यापुरता बंद केला. त्याच्या जागी 'अहो'शिवाय काही ठेवलं नाही. मग बऱ्याच दिवसांनी, बाबा दूध आणायला गेलेले असताना, ते म्हणाले होते,

"मी दुकान भावाच्या गावाला हलवतोय. वर राहायला दोन खोल्या आहेत. एकीची खिडकी उत्तरेला आहे."

ती चेनींचा जुडगा सोडवू लागली.

"उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो. मशीनला बरा." त्यांनी बटणांचा पुडा नीट केला. "मला फिरवून बोलता येत नाही. तुम्ही याल का? बाबांनीही यावं. मी स्वतः विचारतो त्यांना."

"नको," ती पटकन म्हणाली. "मी विचारते."

आणि तिने विचारलं नव्हतं. रोज सकाळी आज विचारू असं ती ठरवायची. बाबा सुरी पुसत असायचे, मग चहा व्हायचा, मग कुणीतरी कपडे घेऊन यायचं. संध्याकाळी तर विचारणं शक्यच नसायचं. दिवसभर वाकून बाबांची मान दुखायची, आणि दुखऱ्या मानेच्या माणसाला असं काही कसं विचारायचं? उन्हाळा गेला. चेनवाले येत राहिले, माल देत राहिले. मागच्या खेपेला जाताना त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की पुढच्या आठवड्यात सामान हलणार आहे. उत्तर मागितलं नाही. ते न मागणंच तिला जड गेलं.

तिला जायचं होतं. हे तिला स्वतःलाही उशिराच कळलं. एकदा मशीनवर बसली असताना उजेड कमी झाला म्हणून तिने दिवा लावला, आणि हात बटणावर असतानाच तिच्या मनात आलं की तिथे, उत्तरेच्या खिडकीशी, आत्ता दिवा लावावा लागला नसता.

त्या गुरुवारी ती बाजारापलीकडच्या एका गिऱ्हाइकाकडे गेली होती. तिच्या वारलेल्या म्हाताऱ्या आईच्या झग्यांच्या शिवलेल्या उशा द्यायच्या होत्या. ती बाई उशा छातीशी धरून रडत बसली आणि हिला लगेच निघता येईना. परतली तेव्हा दुपार कलली होती.

दारातूनच ओल्या लोकरीचा वास आला. इस्त्री तापलेली होती. बाबांच्या कॉटवर चादर अंथरून तिच्यावर गडद करड्या कापडाचे तुकडे मांडले होते. दोन पुढचे भाग, पाठ, बाह्यांचे चार तुकडे, कॉलर. प्रत्येकावर खडूने वरची बाजू दाखवणारा बाण. भोकांच्या रांगा वाफेने जवळजवळ मिटल्या होत्या.

तिने कापड लगेच ओळखलं. आतल्या कपाटात उजव्या कोपऱ्यात तो कोट होता. तिच्या नवऱ्याचा. इतक्या लोकांच्या गेलेल्या माणसांचे कपडे या खोलीत कापले गेले, पण त्या कोपऱ्याला दोघांपैकी कुणी हात लावला नव्हता.

"हे काय केलंत?"

"उसवला," बाबा म्हणाले. ते स्टुलावर बसले होते. हात मांडीवर, रिकामे.

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"मग? नकोच म्हणाले असते! बाबा, हा माझाही होता."

"म्हणून तर."

ती कॉटजवळ गेली. डाव्या बाजूच्या तुकड्यावर खांद्यापासून खाली एक फिकट पट्टा होता. हत्यारांच्या पिशवीचा बंद रोज तिथे घासायचा. तिने त्यावर बोट ठेवलं. लोकर तिथे झिजून गुळगुळीत झाली होती.

"तुकडा उलटा करून बघ," बाबा म्हणाले.

तिने केला नाही. मग त्यांनी उठून स्वतःच केला. आतली बाजू दाट होती, काळपट, जवळजवळ नवी. पट्ट्याचा मागमूस नव्हता.

"उलटवून शिवला की ही बाजू वर येईल. दोन्हीकडून चांगलं असलेलं कापड आहे. असं आता मिळत नाही." ते जरा थांबले. "आणि उलटवला की काजं उजवीकडे जातात. म्हणजे बायकांच्या कोटासारखी. वरचा खिसा तेवढा बुजवावा लागेल, रफू करून. खांदे तू आत घेशील."

"मला कोट कशाला? तो पहाटे कामाला निघायचा. घरात बसणाऱ्याला इथे कुठे एवढी थंडी असते?"

"इथे नसते."

खोलीत इस्त्रीचं पाणी सुरसुरलं. बाबांनी ती बंद केली.

"त्यांनी विचारलं तुम्हाला?" तिने वळून विचारलं. "मी नको म्हटलं होतं त्यांना."

"त्याने कुठे विचारलं? मीच जिन्यात गाठलं. तिकडची हवा कशी असते म्हटलं. तो म्हणाला, थंडी फार. मग दोघं बराच वेळ थंडीवरच बोललो." बाबा किंचित हसले. "शेवटी बिचारा म्हणाला, तुम्हीही चला. ताई म्हणायचं बंद केलं ना त्याने, तेव्हाच कळलं होतं मला. तू विचारशील म्हणून थांबलो. किती थांबायचं माणसाने?"

"मग? काय सांगितलंत?"

"नाही म्हणालो."

"का?"

"तिथे मी कोण? त्याच्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याचा बाप. नातं सांगता सांगता दम लागेल."

तिला हसू आलं नाही. त्यांनाही ते अपेक्षित नव्हतं.

"इथे मला नर्सबाई आहे, माझी शाळा आहे फाटकाबाहेरून बघायला. मुलगा इथून गेला. मी इथे असलेला बरा."

"आणि जेवण? मान दुखली तर? तुम्हाला साधा भात लावता येत नाही."

"वर्षानुवर्षं आम्लं मोजून पोरांना दिली, भाताचं पाणी मोजता येणार नाही?"

"तुम्ही मला घालवताय."

"मी कुठे घालवतोय?" ते पहिल्यांदाच जरा जोरात बोलले. "मी फक्त उसवलंय. शिवायचं की नाही ते तुझं तू बघ."

ती कॉटच्या कडेवर बसली. तुकडे चुरगळू नयेत म्हणून अगदी टोकाला. तिला राग आला होता, आणि त्या रागाला धरायला काही सापडत नव्हतं. एकही टाका चुकीचा तुटलेला नव्हता. ही सगळी शिवण त्यांनी एकट्याने, ती घरात नसताना, सुरीच्या टोकाने सोडवली होती. मुलाच्या खांद्यावरून, मुलाच्या काखेतून. मध्ये ते किती वेळा थांबले असतील, हे कापड बघून कळत नव्हतं.

उशीजवळ अस्तर घडी करून ठेवलं होतं. तिने ते उलगडलं. सगळं सुटं होतं, फक्त उजव्या काखेखाली दोन तुकडे एकमेकांना जोडलेले होते.

"हे राहिलंय."

"राहिलं नाही. ठेवलंय."

तिने जवळ धरून पाहिलं. बारीक, तिरकी, जरा घाईची टीप. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात अस्तर तिथे उसवलं होतं आणि तो दारात बूट घालून उभा असताना तिने ते हातानेच शिवून दिलं होतं.

"तुझा टाका मी कधी उसवलाय?" बाबा म्हणाले.

खरं होतं. तिची बाही उलटी जोडली गेली, चेन वाकडी बसली, तर ते तुकडा न बोलता तिच्याकडे सरकवायचे. लोकांची शिवण ते सोडवत. तिची तिनेच सोडवायची. याबद्दल दोघांत कधी बोलणं झालं नव्हतं.

त्यांनी सुरी पुसली आणि मूठ तिच्याकडे करून पुढे धरली.

ती सुरी घेऊन मशीनशी गेली. खिडकीतला उजेड आता फारसा नव्हता. तिने अस्तर मांडीवर पसरलं, टाक्याखाली टोक घातलं. दोरा जुना झाला होता, लगेच तुटला. मग पुढचा. बाबा आपल्या स्टुलावर येऊन बसले, नेहमीच्या जागी, आणि तिच्या हातांकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. शेवटचा टाका सुटला आणि दोन्ही तुकडे तिच्या मांडीवर वेगळे झाले. भोकांची एक लहानशी वाकडी रांग राहिली. तिने त्यावरून अंगठा फिरवला. रेशमी अस्तर होतं. ही रांग जाणार नव्हती.

ती काहीतरी बोलली. इतकं हळू की तिचं तिलाच ते नीट ऐकू आलं नाही.

"काय म्हणालीस?" बाबांनी विचारलं. "मशीनच्या आवाजात कळलं नाही."

मशीन बंद होतं. खोलीत कसलाच आवाज नव्हता. बाबा तसेच बसून होते, मान किंचित तिच्याकडे कलती करून, एखाद्या मुलाला उत्तर येतंय आणि त्याने ते स्वतःच द्यावं म्हणून थांबावं तसे.

तिने सुरी खाली ठेवली.

"मी जाते आहे, बाबा," ती म्हणाली. "मी त्यांना हो म्हणणार आहे."