बशीतली गोळी

मित्रांनो, मी चहाची पातेली. जुनी म्हणा, चालेल. काळी तेवढी म्हणू नका, तळ सोडला तर मी अजून लख्ख आहे. माझ्या काठावर विजेच्या सुईने कोरलेलं आहे, 'चि. नीलिमा हिस, आत्माराममामाकडून'. पुढची तारीख घासण्यांनी पुसली. भाईंदरच्या एका कारखान्यात स्टीलच्या चकतीवर यंत्राचा दणका बसला आणि मी झाले. माझ्या जन्मात याहून सांगण्यासारखं काही नाही.

नीलिमाच्या बॅगेत, साड्यांच्या घड्यांमध्ये बसून मी जर्मनीत नेकारसुल्मला आले, त्याला बावीस वर्षं झाली. इथे मला एकच काम. सकाळी साडेसहाला नीलिमाचा नवरा, शशिधर, मला शेगडीवर ठेवतो. पाणी, साखर, आलं, चहाची पावडर आणि मग पाण्याइतकंच दूध. पहिला कप नीलिमाला, तोही अंथरुणात. पाहुणे म्हणायचे, "असा चहा तर तिकडेही मिळत नाही हो." ते ऐकून मी फुगायचे. आता त्या फुगण्याची लाज वाटते.

नीलिमा दात बनवते. खोटे, पण खऱ्यासारखे. पोर्सिलेनची ओली पूड बारीक कुंचल्याने थरावर थर चढवायची, म्हणजे हसणाऱ्या माणसाचा कुठला दात आपला आणि कुठला नीलिमाचा ते कळू नये. तिच्या लॅबमध्ये समोरच्या दातांचं काम तिच्याकडेच यायचं. हाताला अभिमान असतो, तो मी तिच्या बोटांत पाहिलाय.

गेल्या नोव्हेंबरात ती दमायला लागली. जिना चढून आली की कोट न काढता माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून राहायची. सिंकमध्ये तिचे केस सापडायचे. रक्त तपासलं तर थायरॉइड मंद निघालं. डॉक्टरांनी पन्नासची गोळी लिहून दिली आणि सांगितलं, रोज सकाळी, 'न्युख्टर्न'. म्हणजे रिकाम्या पोटी.

शशिधरने ते काम लगेच अंगावर घेतलं. बशीत कप, आणि बशीच्या कडेला ती इवलीशी पांढरी गोळी. "घ्या राणीसरकार, तुमचा प्रसाद." ती चहाच्या पहिल्या घोटाबरोबर गोळी गिळायची. एकही दिवस चुकला नाही.

सहा आठवड्यांनी रक्त तपासलं, आकडा जेमतेम हललेला. पंच्याहत्तरची गोळी आली. पुन्हा सहा आठवडे, पुन्हा तेच. मग शंभरची. नीलिमा होती तशीच दमलेली. मी मात्र मन लावून उकळत होते, बिचारीला चहाने तरी तरतरी येईल म्हणून.

एप्रिलमध्ये आमचं स्वयंपाकघर उखडलं. इथे नवं स्वयंपाकघर मागवलेल्यांना पुढचं सांगायला नको. ते दोन आठवड्यांत येणार होतं, आलं सात आठवड्यांनी. तोवर शेगडी नाही, आंघोळीच्या खोलीत भांडी धुवायची, आणि मी खोक्यात. खोकं पॅसेजमध्ये आणि माझ्या डोक्यावर कुकर. नीलिमा बाथरूमच्या नळाच्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि तशीच लॅबला पळायची. चहा दहा वाजता, तिथल्या मशीनचा.

तिसऱ्या आठवड्यात खोक्यातून ऐकू आलं, "अहो, इथे हात लावून बघा. छातीत कुणी पळतंय."

"आत्ता जिना चढून आलीस ना."

"वीस मिनिटं झाली मला येऊन!"

मग रोज काहीतरी. सगळ्यांनी जाकिटं घातलेली असताना हिला घाम. झोप नाही. जरा काही झालं की चिडचीड, आणि चिडल्यावर रडू. डॉक्टरांकडे फोन केला, उत्तर आलं की सुरुवातीला असं होतं, सवय होईल. नणंदेला फोन केला, ती म्हणाली, होईल गं सवय. 'सवय' हा शब्द मी त्या खोक्यात इतक्या वेळा ऐकला की मला कुकरपेक्षा त्याचं ओझं झालं.

आणि एका संध्याकाळी ती आली ती बूटही न काढता खोक्यावर, म्हणजे माझ्यावरच, बसली.

"आज कुंचला थरथरला," ती म्हणाली. "एका बाईचा समोरचा दात होता. तीनदा पुसून केला. मालकाने तो माझ्यासमोरून उचलून नेला. आता मी प्लास्टरचे साचे ओतायचे."

शशिधर म्हणाला, "थोडे दिवस फक्त."

"दमलेली होते तेव्हा हात तरी माझे होते! सोमवारपासून गोळी बंद."

"डॉक्टरांना विचारून..."

"विचारलं ना! सवय होईल म्हणे. कुणाला? त्या बाईच्या दाताला?"

त्या शुक्रवारी नवं स्वयंपाकघर एकदाचं बसलं. शनिवारी सकाळी ते बघायला नैना आली. नैना नीलिमाची मैत्रीण, इथल्या एका औषधांच्या दुकानात काम करते. शशिधरने मला नव्या शेगडीवर चढवलं, तीन कप भरले आणि हाताच्या सवयीने नीलिमाच्या बशीत गोळी ठेवली.

"उचला ती," नीलिमा म्हणाली. "सोमवारचं मी आजच सुरू करते."

नैनाने बशी आपल्याकडे ओढली. "ही इथे काय करतेय?"

"कोण?"

"गोळी. चहाच्या बशीत."

"मग कुठे ठेवायची, देव्हाऱ्यात?" नीलिमा भडकली. "न्युख्टर्नच घेते मी. रिकाम्या पोटी."

"आणि हा चहा?"

"चहा काय खाण्यात धरतात का? उपासालासुद्धा चालतो!"

नैना हसली नाही. "अगं, निम्मं दूध आहे यात. दूध ही गोळी रक्तात नीट जाऊच देत नाही. नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि नंतर निदान अर्धा तास काही नाही. तुझ्या या दुधाळ चहासाठी तर तासभर थांबायचं. आल्झो, म्हणजे थांब जरा. खोकी होती तेव्हा कशाबरोबर घेत होतीस?"

"बाथरूमच्या पाण्याबरोबर."

"गेनाऊ, अगदी तेच! चहाबरोबरची बरीचशी वायाच गेली असणार. डॉक्टरांना वाटलं डोस कमी पडतोय, त्यांनी वाढवला. मग चहा सुटला आणि ती शंभरची पहिल्यांदा पुरती लागू पडली. मला तरी असं वाटतं, पण मी डॉक्टर नाही. तू आपल्या मनाने बंदही करायची नाहीस आणि सोमवारची वाटही बघायची नाहीस. सुट्टीच्या दिवशीच्या डॉक्टरांना आत्ता फोन लाव."

मित्रांनो, मी गरम शेगडीवर होते आणि गार पडले. सगळा हिवाळा मी जे मायेने उकळत होते, ते त्या गोळीची वाट अडवत होतं. शशिधर माझ्याकडेच बघत होता. हळूच म्हणाला, "मीच देत होतो गं रोज."

मला वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ द्या. छे!

"तुम्ही एकटे कशाला?" ती ओरडली. "सहा महिन्यांत एकाने तरी विचारलं का, कशाबरोबर घेतेस? सगळे विचारतात, घेतेस ना? घेते ना मी! घेतेच आहे!"

दोघं तिला दवाखान्यात घेऊन गेली. हृदयाचा आलेख काढला, रक्त काढलं. हृदय ठीक होतं, औषध अंगात जास्त झालं होतं. डॉक्टरांनी डोस खाली आणला आणि सांगितलं, पाण्याबरोबर, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा बघू. पुन्हा सहा आठवडे! ते ऐकून घरी आल्यावर तिने मला घासायला घेतलं. मी स्वच्छ होते, तरी घासलं.

आणि थरथर काय लगेच जाते होय? पंधरा दिवस तर काही फरकच नव्हता. सकाळी गोळी, पाणी, आणि मग दोघांनी माझ्यासमोर बसून घड्याळाकडे बघायचं. शशिधरनेही तिच्याबरोबर चहा लांबवला. त्याचं डोकं दुखायचं, आणि ती खेकसायची, "मी सांगितलं होतं का तुम्हाला?" साडेसहा ते साडेसात हा तास या घरात कुणालाच आवडत नाही. मला तर मुळीच नाही.

जुलैत आकडा जागेवर आला. मालकाने तिला काम परत दिलं, पण मागच्या दाढांचं. "दाढ!" ती म्हणाली. "जांभई दिल्याशिवाय कुणाला दिसायचीही नाही." मग तिने माझ्या शेजारी ओट्यावर कोपर टेकलं, हात लांब केला आणि बोटं पसरली. "कागद ठेवा यावर."

शशिधरने तिच्या बोटांवर वहीचा कागद ठेवला.

"हलतोय?"

"नाही."

"चष्मा लावून बघा."

त्याने चष्मा लावला. "नाही हलत गं."

"मग समोरचे दात का देत नाही तो मेला?" असं म्हणून तिने कागद तसाच हातावर ठेवला, बराच वेळ.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी अशी गोळी सुरू केली असेल तर 'होईल सवय' म्हणू नका. केव्हा घेतेस आणि कशाबरोबर घेतेस, एवढं विचारा. छाती धडधडते, हात कापतो असं ती म्हणाली तर तिला डॉक्टरांकडे न्या, आणि ते टाळायला लागले तर पुन्हा न्या. आणि आम्हा पातेल्यांना तासभर कोरडं बसवा. मला राग येतो, रोज सकाळी येतो. येऊ द्या.