चिकटपट्टीवरचं नाव

मंगळवारी संध्याकाळी सात ते आठ या वेळात स्टोरडाल गावात कुणी मरायचं नाही, असा जणू नियमच होता. त्या तासाला टीव्हीवर 'मेरिक परिवार' लागायचा. शंभर वर्षांपूर्वीच्या ओसाड माळरानावर लाकडी घर बांधून राहिलेलं ते कुटुंब गावाला सख्ख्या भावंडांपेक्षा जवळचं होतं. भावंडांशी निदान शेताच्या बांधावरून भांडणं तरी होती, मेरिकांशी तेवढंही नव्हतं. सातला गायींचं दूध काढून झालेलं असायचं, टेलिफोन गप्प व्हायचे, आणि मिनेसोटातल्या त्या थंडीत रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मेरिकांचा धाकटा टोबी मेला.

आर्डिस होव्हलंडचा मुलगा त्याच दिवशी सकाळी गेला होता. गावात ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक व्हायची सोयही तिने आणि तिच्या नवऱ्याने ठेवली नव्हती.

बारा वर्षांपूर्वी बाळ जन्मलं तेव्हा डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, व्हर्लिनला, बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हे पोर मंदबुद्धी आहे, असंच राहणार. याला सरकारी संस्थेत द्या, घरी जाऊन मूल दगावलं म्हणून सांगा, आणि वर्षभरात दुसरं होऊ द्या. त्या काळी डॉक्टर सर्रास असंच सांगत, आणि माणसं माना डोलावत. व्हर्लिननेही डोलावली. आर्डिस तेव्हा पलंगावर अर्धवट शुद्धीत होती. पण नंतर पूर्ण शुद्धीत असतानाही तिने तोंड उघडलं नाही, आणि हे ती स्वतःला कधी विसरू देत नसे.

बाळाला इस्पितळानेच पुरलं असं दोघांनी सांगितलं, आणि गावाने दुःखात कसूर केली नाही. तीन दिवसांत अकरा भांडी भरून हॉटडिश आली. खिमा, फरसबी, डब्यातलं सूप आणि वर बटाट्याच्या तळलेल्या गोळ्या लावून भट्टीत भाजलेली ती हॉटडिश म्हणजे या गावाची सांत्वनाची भाषा. तोंडाने बोलणं तिथे कुणाला फारसं जमत नाही. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, आणि पट्टीवर शाईने मालकिणीचं नाव. चर्चच्या तळघरात मयताचं जेवण झालं, की बोर्गहिल्ड ट्वेट भांडी पालथी करून एकेक नाव खड्या आवाजात वाचायची आणि जिचं तिने उचलायचं. आर्डिसने ती अकरा भांडी घासूनपुसून घरोघर पोचवली होती. जिवंत मुलाच्या मरणाचं अन्न तिने आणि व्हर्लिनने आठ दिवस पुरवून खाल्लं.

मुलाचं नाव नेल्स. व्हर्लिनच्या वडिलांचं नाव. संस्थेच्या कागदावर ते होतं, पण मुलाचं म्हणून गावात कधी उच्चारलं गेलं नाही. दरवर्षी ऑक्टोबरात आर्डिस 'मावशीकडे' म्हणून निघायची आणि दोनशे मैलांवरच्या त्या विटांच्या इमारतीत जायची. नेल्सला बटणं आवडायची. ती बटणांचा डबा न्यायची, तो तासभर ओंजळीतून बटणं गाळत बसायचा आणि मधूनच तिच्या कोटाचं बटण धरून हसायचा. दुसरं मूल त्यांनी होऊ दिलंच नाही. पुन्हा तसंच झालं तर पुन्हा तसंच वागू, याची दोघांनाही खात्री होती.

मंगळवारी सकाळी फोन आला. न्यूमोनिया. बाई सभ्य होती. म्हणाली, "शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कळवा. तुम्ही नेणार नसाल तर आम्ही इथल्या आमच्या जागेत पुरतो."

"दगडावर नाव असतं?" आर्डिसने विचारलं.

"क्रमांक असतो, मॅडम. नावं आमच्या वहीत असतात."

व्हर्लिन गोठ्यातून आला तेव्हा तिने सांगितलं. तो बूटही न काढता खुर्चीवर बसला. बर्फ वितळून जमिनीवर थारोळं झालं.

"त्याला घरी आणायचं," ती म्हणाली.

"आणि लोकांना काय सांगायचं? कोण मेलं म्हणून?" तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "एकदा मारलंय आपण त्याला, आर्डिस. आता दुसऱ्यांदा कुठल्या तोंडाने मारायचं?"

संध्याकाळी सातला त्याने टीव्ही लावला. दुसरं काय करावं ते त्याला सुचलं नसणार.

टोबी मेरिक बोलत नसे. मालिकेत तो भोळसट होता, कोंबड्यांच्या मागे धावायचा. त्या भागात शहरातून एक डॉक्टर आला आणि म्हणाला, हे पोर वेड्यांच्या इस्पितळात द्या, नाहीतर तुम्हाला आयुष्यभर बेडी. तेव्हा मेरिकबाई उठून उभी राहिली. म्हणाली, "याचं ताट याच घरात मांडलं जाईल." मग हिमवादळ आलं, बाप वाट चुकला, आणि टोबी अंगणातली घंटा वाजवत राहिला. घंटेच्या आवाजावर बाप घरी पोचला. टोबी दोरी धरून तसाच गोठला होता.

व्हर्लिनने उठून टीव्ही बंद केला आणि तो पडद्याकडे पाठ करून उभा राहिला. गावातल्या बाकी सगळ्या घरांतून मात्र रडणं चाललं होतं.

बुधवारी दुपारी चर्चच्या तळघरात बायकांचं मंडळ जमायचं. लांब टेबलावर मिशनसाठी गोधडी ताणलेली आणि भोवती आठ जणी. आर्डिस गेली, कारण न जाण्याचं कारण सांगावं लागलं असतं.

"पेपर नॅपकिनचा अख्खा डबा संपवला गं मी," लॅव्होन म्हणाली. ही आर्डिसची शेजारीण, शाळेपासूनची मैत्रीण. "आणि माझा नवरा, ड्वेन! बापाच्या मयताला डोळ्यातून टिपूस काढला नव्हता त्याने. काल उठून गोठ्यात गेला. म्हणे गायीला बघून येतो. मला काय कळत नाही?"

"आमच्याकडे ॲपल-पाय कुणी खाल्लाच नाही," दुसरी एक म्हणाली. " तसाच पडलाय."

"कंपनीला हे करायचा हक्क काय?" बोर्गहिल्ड सुई रोवत म्हणाली. सत्तरीची, मंडळाची अध्यक्षीण, आवाज चर्चच्या घंटेशी पैज लावणारा. "चार पानी पत्र लिहिलंय मी त्यांना. म्हटलं, तीन वर्षं आम्ही हे पोर वाढवलं. तुम्ही कोण मारणारे?"

"हो ना! आणि ती आई, काय उभी राहिली त्या डॉक्टरपुढे!"

"आई आहे ती," लॅव्होन म्हणाली. "कोण आई आपलं पोर असं देऊन टाकेल? काळजाच्या जागी दगड असेल तिच्या."

सगळ्या हो हो म्हणाल्या. आर्डिसची सुई गोधडीत अडकली. ती तिने ओढून काढली.

मग बोर्गहिल्डने पिशवीतून कार्ड काढलं. वर रुपेरी लिली, आत छापील शोकसंदेश. 'श्री. व सौ. मेरिक यांस, आपल्या दुःखात सहभागी' असं तिने खाली स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, आणि पाकिटावर टीव्ही कंपनीचा पत्ता. "सगळ्यांनी सह्या करा. रविवारी पास्टरना प्रार्थनेत नाव घ्यायला सांगितलंय. टोबीचं."

कार्ड फिरत फिरत आर्डिसपुढे आलं. तिने पेन हातात घेतलं. एका खोट्या मुलाचं नाव रविवारी वेदीपुढे घेतलं जाणार होतं. आपल्या मुलाच्या दगडावर आकडा येणार होता. तिला संताप आला, आणि तो या बायकांचा कमी, स्वतःचाच जास्त होता.

"माझा मुलगा गेला," ती म्हणाली.

लॅव्होनने लगेच तिच्या खांद्यावर हात टाकला. "कळतं गं. कालचा भाग बघून तुझं जुनं दुखणं वर आलं असणार. बारा वर्षं झाली, तरी आईचं मन..."

"काल गेला," आर्डिस म्हणाली. "काल सकाळी. तेव्हा गेला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं आणि आम्ही त्याला संस्थेत दिला, आणि तुम्हाला खोटं सांगितलं. बारा वर्षांचा होता. मला त्याला घरी आणायचाय. शनिवारी इथे पुरायचाय."

लॅव्होनचा हात खांद्यावरून कधी उचलला गेला ते कळलंही नाही. कोपऱ्यात कॉफीचं मोठं भांडं उकळत होतं, तेवढाच आवाज.

"मी आले होते तुझ्या घरी," बोर्गहिल्ड शेवटी म्हणाली. "घोटाभर बर्फातून आले होते. माझ्या हातचं खाल्लंत तुम्ही."

"हो. खाल्लं."

"मी रडले होते गं. माझं स्वतःचं मूल पुरलंय मी, चौतीस साली. ते सगळं मी तुला तुझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. कुणाला सांगितलं नव्हतं. आणि तू मान हलवत होतीस."

आर्डिसला ते आठवत होतं. प्रत्येक शब्द आठवत होता. "टोबी मेरिकही खोटाच आहे, मिसेस ट्वेट," ती म्हणाली.

"तो खोटा आहे हे आम्हाला ठाऊक आहे," बोर्गहिल्ड म्हणाली. "तू सांगितलं नव्हतंस."

तिने आर्डिसपुढचं कार्ड उचललं आणि पलीकडच्या बाईला दिलं. पलीकडच्या बाईने सही केली. आर्डिस कोट घालून बाहेर पडली, तेव्हा कुणीतरी कॉफी ओतायला सुरुवात केली होती.

घरी येऊन तिने व्हर्लिनला सांगितलं, "बोलले मी." तो उठला. किल्ल्या अडकवायच्या खिळ्याकडे गेला, ट्रकची किल्ली काढली आणि तेल-पाणी बघायला बाहेर पडला. बारा वर्षांत तो प्रथमच तिच्याबरोबर तिकडे जाणार होता.

शुक्रवारी ते त्याला घेऊन आले. शनिवारी पुरलं. गोठलेली जमीन फोडायला यंत्र आणावं लागलं. थडग्यापाशी चार माणसं होती: ती दोघं, पास्टर आणि यंत्र चालवणारा. मंडळात फ्लूची साथ आली असल्याने तळघरात जेवण होणार नाही, असं पास्टरनी सांगितलं. सांगताना बिचारे स्वतःच्या हातमोज्यांकडे बघत होते. मंडळ एवढं एकजुटीने आजारी पडल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं.

घरी टेबल रिकामं. व्हर्लिनने पाव कापला. नेल्सच्या कपड्यांच्या पुडक्यात बटणांचा डबा परत आला होता, तो आर्डिसने टेबलाच्या मधोमध ठेवला आणि दोघं त्याकडे बघत जेवली.

संध्याकाळी ती कचरा टाकायला मागचं दार उघडून बाहेर आली, तर पायरीवर एक भांडं. निळ्या काठाचं, वर फॉइल, अजून कोमट. तिने आत आणून आधी बुडाखालून हात फिरवला. चिकटपट्टी नव्हती. पट्टी होती तिथे चौकोनी चिकट डाग होता. कुणीतरी नखाने ती खरवडून काढली होती.

"कुणाचं?" व्हर्लिनने विचारलं.

"नाव काढलंय."

गावात कुणाला तरी तिची कीव आली होती, पण ती कीव ओळखली जाण्याची भीती त्याहून मोठी होती. आर्डिसला त्या घासांची चीड आली आणि तरी तिने ते खाल्लं, कारण नेल्सच्या खऱ्या मरणाचं तेवढंच अन्न आलं होतं.

भांडं घासून तिने रविवारी तळघरातल्या ओट्यावर नेऊन ठेवलं. ज्या बाईचं असेल ती उचलेल. कुणी उचललं नाही. रविवारमागून रविवार बायका त्याच्या शेजारून कॉफीचे कप नेत राहिल्या. मार्चमध्ये टीव्ही कंपनीकडून उत्तर आलं. शोकसंदेशाबद्दल आभार, आणि टोबीचं काम करणाऱ्या पोराचा सहीनिशी फोटो, दोन्ही गालांना खळ्या. मंडळाने तो फलकावर लावला, भांड्याच्या बरोब्बर वर. ईस्टरनंतर आर्डिसने भांडं परत घरी आणलं.

मे महिन्यात म्हातारे आयनार रूड वारले. सगळ्या गावाचे आजोबा. आर्डिसला कुणी बोलावलं नव्हतं, पण मयताला बोलावणं लागत नाही. तिने हॉटडिश केली, निळ्या काठाच्या भांड्यात. भांडं भरण्याआधी कोरडं करून पालथं घातलं, नवी पट्टी कापली आणि शाईने सावकाश लिहिलं.

जेवण झालं. खाणाऱ्यांनी भांडं चाटूनपुसून रिकामं केलं. माणसं भुकेली होती, कुणाचं ते कुणी पाहिलं नाही. धुऊन झालेली भांडी ओट्यावर रांगेत आली आणि बोर्गहिल्ड हात पुसून वाचायला उभी राहिली. चाळीस वर्षांची सवय. डोळे पट्टीवर, आवाज भिंतींपर्यंत.

"लॅव्होन बर्ग. मिसेस ओल्सेथ. रूथ डाल. नेल्स होव्हलंड."

नाव तोंडातून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं. ती भांडं हातात धरून तशीच उभी राहिली. बायकांच्या हातातली फडकी थांबली. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

आर्डिस टेबलामागून उठली आणि पुढे आली.

"आमचं आहे ते," ती म्हणाली, आणि भांडं घेण्यासाठी तिने दोन्ही हात पुढे केले.